आधी कान, मग खिळा

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही हे कळायला मला वर्ष लागलं, कारण त्याआधीची तीस वर्षं ते माझं ऐकतच नव्हते. मग फरक कळणार कसा?

हे सुतार. पण दारं, खिडक्या, कपाटं त्यांनी कधीच मागे टाकली. गेली बावीस वर्षं त्यांचं काम एकच. कोणाच्या माळ्यावर खारींनी बिऱ्हाड थाटलं की त्यांना बाहेर काढायचं आणि त्यांची वाट बंद करायची. आमच्या भागात त्यांना नावाने कोणी ओळखत नाही, ‘माळ्यावरचे काका’ म्हणतात. फोन मी घेते, वार मी ठरवते, जाळी आणि खिळे संपले की मी आणते. धंद्यात हिचा खारीचा वाटा, असं हे आल्यागेल्याला सांगतात आणि स्वतःच हसतात. बावीस वर्षं तोच विनोद, आणि बावीस वर्षं मी त्यावर तेच तोंड करते.

खारीला हाकलणं अवघड नसतं. ती दिवसा खायला बाहेर पडते, तेवढ्यात तिचं भोक पत्रा ठोकून बंद केलं की झालं. अवघड असतं ते आत कोणी राहिलं नाही ना, हे कळणं. छपराच्या उतरणीला आतून फळ्या मारलेल्या असतात. त्या फळ्यांच्या मागे, पार कोपऱ्यात खार घरटं करते. तिथे हातच काय, नजरही पोचत नाही. पिल्लं असली तर दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात, तेही अगदी बारीक. म्हणून ह्यांचा नियम होता. शेवटचा खिळा ठोकण्याआधी घरातले पंखे, रेडिओ, नळ सगळं बंद करायला लावायचं, फळीला कान लावायचा आणि एक कप चहा निवेल एवढा वेळ जागचं हलायचं नाही. आधी कान, मग खिळा. आवाज आला तर सामान गुंडाळायचं आणि पिल्लं हिंडती-फिरती झाल्यावर, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी परत यायचं. लोक कुरकुरायचे. दोघा-तिघांनी दुसरा माणूस बोलावून काम उरकून घेतलं. हे म्हणायचे, उरकू दे. बावीस वर्षांत एक जीव आत कोंडला नाही, एवढी एकच गोष्ट ते फुशारकीने सांगायचे. एरवी माणूस अबोल.

तर ऐकण्याचं. गेल्या वर्षभरात हे फारच बेफिकीर झालेत असं माझं ठाम मत झालं होतं. दाराची घंटा वाजली तर उठायचं मीच. आतल्या खोलीतून हाक मारली तर उत्तर नाही. समोर उभं राहून बोललं की मात्र सगळं कळायचं, त्यामुळे माझा संशय पक्काच झाला. ऐकू येतं, घ्यायचं नसतं. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी पुटपुटायचे. त्यालाही उत्तर नसायचं.

त्यातलं एक उत्तर मला खरंच हवं होतं. माझी थोरली बहीण नऊ वर्षं आमच्याकडेच वरच्या खोलीत राहायला होती. हिवाळ्यात ती गेली. त्यानंतर महिन्याभराने, भांडी घासून झाली, नळ बंद केला आणि पाठमोरीच मी ह्यांना म्हणाले, “ताई गेल्यापासून हे घर मला खायला उठतं. तुम्ही जरा लवकर येत जा.” असलं काही मी जन्मात कोणाजवळ बोललेली नाही. पाठमोरी होते म्हणून जमलं. हे मागे टेबलाशी बसून लहान-मोठे खिळे वेगवेगळ्या डब्यांत टाकत होते. मी वाट पाहिली. मग वळून पाहिलं, तर हे खिळेच निवडत होते.

मी ओटा पुसला आणि त्या दिवसापासून ह्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. फोन आलाय, जेवायला वाढलंय, पावती कुठे आहे, एवढंच. असे आठ महिने गेले. काय झालं म्हणून ह्यांनी एकदाही विचारलं नाही, त्याचाही राग मी आधीच्या रागावर रचत गेले.

अशात शाळेच्या बाईंचं काम आलं. बाई निवृत्त, एकट्या, एका उंच चिंचोळ्या घरात राहतात. माळ्यावर त्यांच्या जन्मभराच्या वह्यांचे गठ्ठे. शिकवलेल्या एकाही मुलाची वही टाकवली नाही म्हणे. खारींनी ते गठ्ठे कुरतडायला घेतले तसा त्यांनी फोन केला. मंगळवारी हे गेले. संध्याकाळी आले, हात धुतले आणि म्हणाले, पिल्लंबिल्लं काही नाहीत, एकच खार होती, ती बाहेर पडल्यावर भोक बंद करून टाकलं. मी बरं म्हणाले.

बुधवारी सकाळी सातला बाईंचा फोन. आवाज शांत, पण त्या दोनदा थांबल्या. खार पहाटेपासून पन्हळीवर बसून पत्रा कुरतडतेय, तोंडाला रक्त दिसतंय, आणि वरून, आतून, काहीतरी बारीक ओरडतंय.

मी ह्यांना समोर जाऊन सांगितलं. ह्यांनी मानच हलवली. शक्य नाही म्हणाले. चांगलं चहा निवेपर्यंत कान लावला होता. उंदीर असतील. तरी जाऊन दाखवून येतो, म्हणून हत्यारांची पिशवी भरायला लागले. ओट्यापाशीच उभे होते, शेगडीकडे पाठ करून. शेगडीवर किटली होती, आणि ती शिट्टी मारायला लागली.

एरवी मी ओरडून उठले असते. त्या दिवशी का कोण जाणे, बसून राहिले. किटली ह्यांच्यापासून हातभर अंतरावर. शिट्टी चढत गेली. भिंतीपलीकडच्या घराचा कुत्रा भुंकायला लागला. हे पिशवीत पटाशी ठेवतायत, काढतायत, हातोडीचा दांडा हलतोय का बघतायत. झाकण थडथडायला लागलं. शेवटी वाफ ह्यांच्या कोपराला लागली तेव्हा हे दचकून वळले, किटलीकडे बघितलं आणि शांतपणे शेगडी बंद केली. जणू ती नुकतीच उकळली होती.

बाईंच्या माळ्यावर काय झालंय ते मला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. आठ महिने जपलेला राग एकदम हातात आला आणि तो ठेवायला जागा सापडेना.

“मी येते तुमच्याबरोबर,” मी म्हणाले. हे बघतच राहिले. बावीस वर्षांत मी एकही माळा चढलेली नव्हते. का, म्हणाले. मी म्हटलं, बाईंना भेटायचंय. बाईंची माझी ओळख फोनापुरती, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण त्यांनी विचारलं नाही. न विचारण्यात हे पहिल्यापासून तयार.

बाईंच्या अंगणात पोचलो तर खार पन्हळीवरच होती. आम्हाला पाहून पळायला हवी होती. ती दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा पत्र्याशी आली. ह्यांनी वर पाहिलं आणि चालता चालता थांबले. उंदीर हा शब्द त्यानंतर त्यांनी काढला नाही.

पिल्लांचा आवाज मला जिन्यावरच आला. वरचा मजला ओलांडून शिडीला हात लावला तेव्हा तर अगदी स्पष्ट. एकसुरी, कापरा, मधे मधे तुटणारा. बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. हे पुढे चढत होते, बॅटरी तोंडात धरून.

माळ्यावर उभं राहता येत नव्हतं. मी गुडघ्यांवर, गुडघे माझ्या नावाने शंख करत होते. हे उतरणीच्या फळ्यांशी गेले, कान लावला, डोळे मिटले. श्वाससुद्धा धरून ठेवला होता. कपाळावरची शीर दिसत होती. परीक्षेत आठवत नसलेलं उत्तर आठवू पाहणाऱ्या मुलासारखा चेहरा झाला होता. तीस वर्षांत ह्यांना इतकं मन लावून ऐकताना मी पाहिलं नव्हतं. आणि त्या फळीमागे ती पिल्लं आक्रोश करत होती.

बऱ्याच वेळाने ह्यांनी डोळे उघडले. “काही नाही,” म्हणाले. खोटं बोलत नव्हते हो. चेहऱ्यावर सगळा प्रामाणिकपणा होता, तोच मला बघवेना.

मी बॅटरी उचलली आणि उजेड माझ्याच तोंडावर धरला, म्हणजे त्यांना ओठ दिसतील. “आहेत,” मी म्हणाले. “मला ऐकू येतायत. जिन्यापासून येतायत.”

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग फळीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. वाद घालतील असं वाटलं होतं. माझी तयारीही होती, वादाला मी कधी कमी पडलेली नाही. पण ह्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. किटली, घंटा, हाका, सगळं त्यांच्याही डोक्यातून त्या वेळी गेलं असेल. मग ते अगदी हळू म्हणाले, “कुठे?”

मी रांगत गेले. एकेका फळीला कान लावला. पहिल्या दोन फळ्यांशी आवाज लांबचा, तिसरीशी जवळ, चौथीच्या खालच्या टोकाशी इतका जवळ की मी दचकले. तिथे बोट ठेवलं. ह्यांनी त्याच जागी पटाशी लावली आणि फळी अशी उचकटली की खिळ्याचं डोकंसुद्धा वाकलं नाही. हात अजून सोन्याचे आहेत त्यांचे.

आत घरटं होतं. वाळकी पानं, लोकरीचे धागे आणि बाईंच्या वह्यांच्या चिंध्या. एका चिंधीवर लाल शाईत ‘अक्षर सुधारा’ लिहिलेलं वाचता येत होतं. चिंध्यांत चार पिल्लं, अंगठ्याएवढी, डोळे न उघडलेली. तीन वळवळत होती. चौथं तिघांच्या खाली होतं आणि गार पडलं होतं.

ह्यांनी ते उचललं. ओंजळीत धरून त्यावर तोंडाची वाफ सोडत राहिले. पुन्हा पुन्हा. मी म्हणाले, राहू द्या आता, त्या तिघांचं बघू. ह्यांनी थांबवलं नाही. ह्या खेपेला ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, ते ठरवायला मी गेले नाही.

शेवटी ते पिल्लू रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवलं. बाकीची तिन्ही, घरट्यासकट, बाईंनी दिलेल्या बुटांच्या खोक्यात घातली. जिन्याच्या खिडकीबाहेर एक छोटं छप्पर पुढे आलेलं होतं, त्यावर खोकं ठेवलं. बाईंनी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात सरकवली. खिडकी लावून घेतली आणि आम्ही तिघं पायऱ्यांवर बसलो. खार स्वतःहून येते, ह्यांनी सांगितलं, पण माणसाची चाहूल नको.

पाऊण तास काही नाही. मग ती आली. खोक्याभोवती तीन चकरा मारल्या, आत डोकं घातलं आणि एक पिल्लू तोंडात धरून भिंतीवरून झाडाकडे गेली. हे बोटांवर मोजत होते. एक. दहा मिनिटांनी दोन. मग तीन. मी उठायला लागले. ह्यांनी माझा हात धरून मला परत बसवलं.

खार चौथ्यांदा आली. खोक्यात उतरली. चिंध्या उकरल्या, लोकर बाहेर ओढली, कडेवर बसून इकडे तिकडे पाहिलं. गेली. आणि पाचव्यांदा आली. तिला मोजता येत असावं. ह्यांचा हात खिशावर होता आणि ते खिडकीकडे बघत नव्हते.

मग बाईंनी विचारलं. रागाने नाही, पण शिक्षिकाच ती, सरळ विचारलं. “काका, काल तुम्ही नीट ऐकलं होतं ना?”

हे काही बोलायच्या आत मीच म्हणाले, खालचा पंखा चालू असेल हो, पंख्याच्या आवाजात राहून गेलं असेल. बावीस वर्षांचं नाव होतं ते. एका पंख्यावर ढकलून वाचत असेल तर वाचवावं, एवढाच विचार होता माझा. बाई म्हणाल्या, पंखा मी माझ्या हाताने बंद केला होता, ह्यांनी सांगितलं म्हणूनच.

मग हे बोलले. पायरीकडे बघत, पण मोठ्याने.

“बाई, मी कान लावला होता. चांगला वेळ लावला होता. मला ऐकू येत नाही. मला वाटतं, बऱ्याच दिवसांपासून येत नाही.”

एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मला माहीत. ह्या माणसाने दात पडला तेव्हासुद्धा मला दोन दिवस सांगितलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. शाळेत एक मुलगी होती, त्या म्हणाल्या. हाक मारली की ओ देत नसे. लक्ष देत नाहीस म्हणून तिला मी वर्षभर बाकावर उभी केली. पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गात गेली तेव्हा कळलं, दोष कानाचा होता. तिची वही अजून वर आहे, तेवढी एक खारींनी खाल्ली असती तर बरं झालं असतं.

त्या ह्यांच्याकडे बघून बोलत होत्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकावर उभं करण्यात मी काही बाईंपेक्षा कमी नव्हते, आणि माझे तर नुसते आठ महिने नव्हते, त्याआधीचेही असतील.

झाडाखाली ह्यांनी पटाशीनेच छोटा खड्डा केला. रुमालासकट ठेवलं. वरून माती लोटताना म्हणाले, “बावीस वर्षं.”

घरी आल्यावर ह्यांनी हत्यारांची पिशवी नेहमीच्या खुंटीला न लावता कपाटाच्या तळाशी ठेवली. त्याचा अर्थ मला कळला. मग टेबलाशी बसले आणि म्हणाले, “वर्षभरात तू बरंच काही बोलली असशील.”

बोलले असेन, मी म्हटलं. चहा झालाय, घंटा वाजतेय, आणि पालथा घडा. घडा कोण, ते त्यांना लगेच कळलं. किंचित हसले. हसले म्हणून मला रडू आलं.

मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. पाठमोरी जे बोलले होते ते तोंडावर बोलणं फार अवघड होतं, सांगते. “ताई गेल्यापासून हे घर मला खायला उठतं,” मी म्हणाले. “तुम्ही जरा लवकर येत जा, असं म्हणाले होते. तुम्ही इथेच बसून खिळे निवडत होतात. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मग मी बोलायची बंद झाले.”

“मला वाटलं,” ते म्हणाले, “ताईंच्या जाण्याने तू अबोल झालीस. उगाच खपली कशाला काढायची, म्हणून मी विचारलं नाही. आणि घरी आलं की तू बोलत नाहीस, म्हणून माळ्यावरच रेंगाळत बसायचो.”

एवढं झालं आणि आम्ही दोघं त्या टेबलाशी बसून राहिलो. किटली मीच लावली, मीच उतरवली.

पिशवी नऊ दिवस कपाटात होती. दरम्यान मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, करवतीच्या आवाजात जन्म गेला की असंच होतं. बारीक, उंच आवाज आधी जातात, माणसाचं बोलणं मागाहून. जाड आवाज येत राहतात म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. पिल्लांचा आवाज सगळ्यांत आधी गेला असणार. कानामागे यंत्र बसलं. ते लावल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य, आपल्या नळाला एवढा आवाज आहे?

दहाव्या दिवशी फोन आला. नवीन जोडपं, माळ्यावर खुडबुड, माळ्यावरचे काका कधी येऊ शकतील? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकत होते, आता ते मला ओळखता येतं. म्हटलं, गुरुवारी येतो आम्ही दोघं. ह्यांनी उठून कपाट उघडलं आणि पिशवीत आणखी एक बॅटरी टाकली.

आता प्रत्येक माळ्याला मी जाते. गुडघे शंख करतात, करू दे. घरी एकटीने बसण्यापेक्षा बरं. फळीला आधी ह्यांचा कान, यंत्रासकट, मग माझा, दोन कप चहा निवेल एवढा वेळ. लोक पूर्वीपेक्षा दुप्पट कुरकुरतात. शेवटचा खिळा अजून हेच ठोकतात. हातोडी उचलली की थांबतात, आणि मी होकाराची मान डोलावेपर्यंत माझ्याकडे बघत राहतात.